माहेरहून परत आल्यापासून दिवसाची घडीच बसत नाहीये – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एरवी वाचनमात्र असते, आज धागा काढायची वेळ आली. एका हाताने टाईप करतेय (दुसऱ्यावर लेक झोपलीय, खाली ठेवलं की उठते), तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, कराडला झालं. सिझेरियन. तिकडे अंघोळ घालायला मावशी यायच्या. बाळाला पायावर घेऊन मालिश, अंघोळ, मग मला तेल लावून कढत पाणी. अळिवाची खीर हातात, जेवण ताटात. मी फक्त पाजायचं आणि झोपायचं. आता लेक चार महिन्यांची झालीय आणि आम्ही डोंबिवलीला आमच्या घरी परत आलोय. नवरा सव्वासातला निघतो, रात्री साडेआठला येतो. सासूबाईंची यायची फार इच्छा आहे, पण सासऱ्यांची नुकतीच बायपास झालीय, त्यांना चिपळूणला एकटं सोडून त्या येणार कशा? धुण्याभांड्याला बाई आहेत, पण पावसात त्यांचे खाडे सुरू झालेत.

ऑफिसात मी महिनाअखेरचं क्लोजिंग सांभाळते, त्यामुळे वाटलं होतं की हेही जमेल. अ‍ॅप घेतलं. कुठल्या बाजूने किती मिनिटं पाजलं, शी, शू, झोप, सगळं त्यात भरते. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलंय. त्यात दहाला 'बाळाची अंघोळ' आहे आणि दहाला ती नेमकी झोपते. झोपलीय तोवर कुकर लावावा म्हटलं तर पहिल्या शिट्टीला डोळे उघडून टकामका बघते.

आणि दुपटी! बाल्कनीत दोन दिवस लटकूनही ओलीच. घरभर खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर, पंख्याखाली दुपटी आणि त्यांचा तो कुबट वास. परवा रात्री लंगोट इस्त्रीने वाळवत बसले होते, तेव्हा आठवलं की व्हिटॅमिन डीचे थेंब संपलेत.

नवरा वाईट नाही. "सांग ना, काय करू?" असं रोज विचारतो. पण काय करायचं ते सांगणं हेच मला सगळ्यात जास्त दमवतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती रडायला लागते आणि आजकाल तिच्याबरोबर मीही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला कामावर हजर व्हायचंय. त्याआधी घराला काही शिस्त लागेल का? आणि डोकं शांत ठेवायला तुम्ही काय केलंत? ध्यान, प्राणायाम सांगणार असाल तर ते कधी करायचं तेही सांगा.

– पाऊसपाणी

सुंठवडा

अगं, आधी ते वेळापत्रक फ्रिजवरून काढ. चार महिन्यांच्या बाळाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. उठली की पाजणं, मग खेळणं, मग झोप. मग ते नऊला होवो नाहीतर अकराला. अंघोळ दुसऱ्या झोपेआधी, एवढंच ठरव. माझ्या दोघांच्या वेळी मी दिवसाला दोनच खुंट्या ठोकल्या होत्या: सकाळची अंघोळ आणि संध्याकाळचा दिवा. मधलं सगळं बाळाच्या मर्जीने.

अ‍ॅपही काढून टाक. वजन वाढतंय ना? दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होतेय ना? मग मिनिटं मोजून कुणाचं भलं होणार आहे? पहिल्या आठवड्यात ती नोंद उपयोगी पडते, आता ती नुसती परीक्षा आहे, रोज स्वतःची घेतलेली.

दुपट्यांचं: जाड, गोधडीसारखी शिवलेली दुपटी पाऊस संपेपर्यंत माळ्यावर टाक. मलमलची पातळ घे, मशीनमधून दोनदा पिळून काढली की पंख्याखाली रात्रीत वाळतात. रात्री सरळ डायपर लाव. (आता इथे लंगोट विरुद्ध डायपर वाद सुरू करू नये ही विनंती. त्यासाठी जुना धागा आहे, त्यात भरपूर भांडून झालंय.)

कुकर ती जागी असताना लाव, तिला स्वयंपाकघराच्या दाराशी सतरंजीवर ठेवून. दोन-चार दिवसांत शिट्टीची सवय होते.

परखड

आमच्या आयांनी पाच-पाच पोरं वाढवली. ना अ‍ॅप, ना धागे. हल्ली सगळ्याचाच बाऊ.

सुंठवडा

काका, त्या पाच पोरांमागे घरात आजी होती, दोन काकवा होत्या, लग्न न झालेली आत्या होती. आणि दार उघडं असायचं, त्यामुळे शेजारीण धरून पाच. पाऊसपाणीकडे यातलं कोण आहे ते सांगा, मग बोलू.

चहाबाज बाबा

पाऊसपाणी, नवरा या प्राण्याच्या बाजूने लिहितोय, पण त्याची बाजू घेत नाहीये.

"सांग ना काय करू" हे वाक्य आमच्या घरीही चालायचं, माझ्या तोंडी. मला ते फार समजूतदार वाटायचं. एक दिवस बायको म्हणाली, "तू मला शिपाई नकोस, मला दुसरा साहेब हवाय." तेव्हापासून कामं वाटून घेणं बंद केलं आणि खाती वाटून घेतली. फरक असा की 'आज दुपटी वाळत घाल' हे काम झालं. 'कपडे' हे खातं. त्यात किती धुतलीत, किती ओली आहेत, झबली लहान व्हायला लागली का, साबण संपला का, हे सगळं माझ्या डोक्यात. तिने विचारायचं नाही, मीही तिला विचारायचं नाही. सुरुवातीला मी टोपडी गरम पाण्यात घालून आटवली. ती एक शब्द बोलली नाही, आणि ते तिला फार जड गेलं असणार.

आमच्याकडे माझी खाती: कपडे, औषधं आणि लसीकरण. तुम्ही निदान लसीकरणाचं खातं आजच नवऱ्याला देऊन टाका. कार्ड त्यांच्या ऑफिसच्या बॅगेत. 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस झालेत का ते त्यांनी बघायचं. सरकारी वेळापत्रकात पुढची गोवर-रुबेलाची लस बाळाला 9 महिने पूर्ण झाल्यावर, बालरोगतज्ज्ञ मधे आणखी काही सुचवतील. तारखा, रजा, लशीनंतर ताप आला तर कुठलं औषध किती द्यायचं हे डॉक्टरांकडून लिहून घेणं, सगळं त्यांच्याकडे. साडेआठला घरी येणाऱ्या माणसालाही हे जमतं. डोक्यात ठेवायला लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळाली तरी पुरते.

निळी शाई

बाळंतीण विभागात नर्स म्हणून बरीच वर्षं काम केलंय, म्हणून एक गोष्ट बाजूला काढून लिहिते. घडी, वेळापत्रक हे नंतर.

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. चौथ्या महिन्यात रोज संध्याकाळी रडू येत असेल तर ते 'नुसती दमणूक' म्हणून सोडू नकोस. दमणूक असेलही. पण बाळ झोपल्यावरही तुला झोप लागत नाही का? आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही का? आपण आई म्हणून कमी पडतोय असं सारखं वाटतं का? एडिंबरा नावाची 10 प्रश्नांची एक प्रश्नावली यासाठी वापरतात, मागच्या 7 दिवसांबद्दल विचारते. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांग, त्या भरून घेतील. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतं, आणि त्यातला थकवा, चिडचिड बाई मनावर घेत राहते.

रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे. केंद्र सरकारची सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर मात्र थांबायचं नाही, कुणाला तरी लगेच सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.

आणि ती रडतेय, तुझाही तोल सुटतोय असं वाटलं तर तिला पाळण्यात उताणी ठेवून बाल्कनीत जाऊन पाच मिनिटं उभी राहा. पोट भरलेलं, अंग कोरडं, ताप नाही, एवढं बघितलं असेल तर पाच मिनिटं रडल्याने तिला काही होत नाही.

स्लो लोकल

नोकरीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. रजा 26 आठवड्यांची असते हे माहीत असेलच. मातृत्व लाभ कायद्यात 2017 ला झालेल्या दुरुस्तीपासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून 4 वेळा तिथे जाता यायला हवं. शिवाय मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज 2 सुट्ट्या मिळतात, त्या नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजा संपल्यावर काही काळ घरून काम करायचं मालकाशी ठरवता येतं. तोंडी विचारू नकोस, मेल टाक. तोंडी विचारलं की "बघू" असं उत्तर येतं.

दूध काढून ठेवायचा सराव आत्तापासून कर. काढलेलं दूध खोलीत 4 तासांपर्यंत चालतं, जास्त वेळ लागणार असेल तर लगेच फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला. दारात ठेवू नकोस, तिथे सारखं गरम-गार होतं. कोमट करायचं ते गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून, थेट गॅसवर नाही.

पाऊसपाणी

सगळ्यांचे आभार. परखडकाका, तुमचेही. तुमच्यामुळे सुंठवडाताईंचा तो प्रतिसाद आला आणि मी तो आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "अगदी खरं आहे, तुझ्या वेळी मला दुपट्याची घडी घालायलाही उठावं लागलं नव्हतं."

अ‍ॅप काढून टाकलं. पहिले दोन दिवस हात नुसता मोबाईलकडे जायचा. वेळापत्रकाच्या जागी आता फक्त दुधवाल्याचा हिशोब आहे.

खाती वाटली. कपडे आणि लसीकरण नवऱ्याकडे. त्याने येताना एक घडीचा स्टँड आणला, बेडरूममध्ये मांडला आणि आता आम्हाला पलंगावर जायला आडवं व्हावं लागतं, पण दुपटी वाळतात. मी काही बोलणार नाहीये. व्हिटॅमिन डीच्या दोन बाटल्या आल्यात.

निळी शाई, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. डॉक्टरांकडे जाऊन आले. प्रश्नावली भरून घेतली, रक्त दिलंय, रिपोर्ट यायचेत. पुढच्या आठवड्यात एका समुपदेशकांची वेळ ठरलीय. इथे यापेक्षा जास्त लिहीत नाही, पण जाऊन आले ते बरं झालं.

एचआरला मेल टाकलाय. उत्तर "बघू" असंच आलंय, पण निदान लेखी.

आता एकच राहिलं. सकाळी ती हातात असते आणि अकरा वाजेपर्यंत माझ्या पोटात चहाशिवाय काही जात नाही. एका हाताने, न सांडता खाता येईल असं काय करून ठेवता?

सुंठवडा

रात्रीच थालीपिठं लावून ठेव, घट्ट लोण्याबरोबर सकाळीही छान लागतात. भाजणी नसेल तर तिखटमिठाच्या दशम्या. पोहे, उपमा नको, निम्मे तिच्या डोक्यावर पडतील. डिंकाचे लाडू आईकडून मागव. आणि 'सकाळचं खाणं' हे तिसरं खातं करून टाक, सव्वासातला निघायच्या आधी डबा भरून तुझ्या उशाशी ठेवायला त्याला काय हरकत आहे?

चहाबाज बाबा

काही हरकत नाही. फक्त थालीपीठ लावायला त्याला आधी कोणीतरी शिकवा. मी पहिलं लावलं होतं ते तव्यासकट भिजत घालावं लागलं.