मदत हवी आहे: दोन रंगांच्या डीस्टॉर्ममध्ये एक डाय लुकलुकत नाही, दुसरा लवकर मरतो

स्लाइड_सोलापूरची
डीस्टॉर्म, म्हणजे लुकलुकणाऱ्या डायचा एकेक रेणू टिपून बारीक चित्र जुळवण्याची मायक्रोस्कोपी. पेशी कॉस-7 (माकडाच्या), कव्हरस्लिप 1.5 नंबरची. ट्यूब्युलिनला (मायक्रोट्यूब्यूलचं प्रथिन) अलेक्सा 647 डाय, मायटोकॉन्ड्रियाच्या टॉम20 प्रथिनाला अलेक्सा 568. नमुने सोलापुरात तयार होतात, इमेजिंग पुण्यात. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जायचं, म्हणून ग्लुकोज ऑक्सिडेज, कॅटलेज (ऑक्सिजन काढणारी एन्झाइमची जोडी) आणि एमईए (मर्कॅप्टोइथिलअमाइन, एक थायोल) घातलेला बफर पहाटेच मिसळून आइसपॅकसोबत थर्माकोलच्या डब्यात नेतो. स्लाइडवर पडेपर्यंत बारा वाजतात. एमईए: 77 मिग्रॅ हायड्रोक्लोराइड, 1 मिली 0.25 नॉर्मल एचसीएलमध्ये. आधी 561 नॅनोमीटरचा लेसर (568 साठी), मग 640 चा (647 साठी).
568 चं चॅनल नुसतं उजळ राहतं, सुटे ठिपके जवळपास नाहीत. 647 मध्ये ठिपके इतके कमी की मायक्रोट्यूब्यूल तुटक दिसतात. चित्राच्या कोपऱ्यांत दोन्ही रंग एकमेकांवर नीट बसतही नाहीत. चुकतंय कुठे?

फोटॉनमोज्या
आधी बफर. 77 मिग्रॅ हा आकडा मुक्त एमईएचा आहे, रेणुभार 77. ती अल्कधर्मी, म्हणून तिच्यात एचसीएल घालतात. तुमच्या बाटलीत हायड्रोक्लोराइड आहे, रेणुभार 113.6, म्हणजे आम्ल आधीच आत. वर पुन्हा एचसीएल घातलंत तर 50 मिलिमोलर ट्रिस ते पेलत नाही. अलेक्सा 647 ला अंधारात ढकलण्याचं काम थायोलचं ऋणभारित रूप करतं आणि पीएच घसरला की नेमकं तेच कमी होतं. बफर ताजा मिसळून लगेच पीएच पट्टी बुडवा आणि आकडा इथे टाका.
दुसरं म्हणजे एन्झाइम पहाटे मिसळलंत की घड्याळ तेव्हाच सुरू. ग्लुकोज ऑक्सिडेज ऑक्सिजन खातं आणि ग्लुकोनिक आम्ल सोडतं. डब्याचं झाकण उघडमीट झालं, हवा आत गेली की ते थांबतच नाही. बर्फाने वेग कमी होतो एवढंच, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तो बर्फ भिगवणपर्यंत टिकला तरी नशीब.

स्लाइड_सोलापूरची
पट्टी 6 आणि 6.5 च्या मध्ये. ताज्या बफरची!

फोटॉनमोज्या
मग सापडलं. 113.6 मिग्रॅ हायड्रोक्लोराइड 800 मायक्रोलिटर पाण्यात विरघळवा, 10 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत पीएच 8 वर आणा (साधारण 30-35 मायक्रोलिटर लागेल), पाण्याने 1 मिली करा. 100-100 मायक्रोलिटरचे भाग करून उणे 20 ला ठेवा. एन्झाइमचा साठा वेगळा: 14 मिग्रॅ ग्लुकोज ऑक्सिडेज, 17 मिग्रॅ/मिलीचं 50 मायक्रोलिटर कॅटलेज, 200 मायक्रोलिटर ट्रिस बफर. सेंट्रिफ्यूज करून फक्त वरचं पाणी घ्या; 4 अंशाला दोनेक आठवडे चालतं, गोठवू नका. तिसरी बाटली: 50 मिलिमोलर ट्रिस पीएच 8, 10 मिलिमोलर मीठ, 10 टक्के ग्लुकोज.
तिन्ही वेगवेगळ्या न्या. मायक्रोस्कोपच्या टेबलावर 620 मायक्रोलिटर ग्लुकोज बफर, 70 एमईए, 7 एन्झाइम. चेंबर काठोकाठ भरा, वर काच सरकवा, बुडबुडा राहू देऊ नका. तासाभराने बदला, चित्र छान येत असलं तरी.

तांबडा_लेसर
बफर सुधारला तरी अलेक्सा 568 फार साथ देणार नाही, त्याचं लुकलुकणं मुळातच बेताचं. दुय्यम अँटिबॉडी सीएफ568 ची घ्या.
क्रमही उलटा करा. 561 चा प्रकाश अलेक्सा 647 थोडा शोषतोच, त्यामुळे तुमचा चांगला डाय पाळी येण्याआधीच निम्मा जळतो. आधी 640 पूर्ण ताकदीने. सुरुवातीची झळाळी विझून ठिपके सुटे दिसेपर्यंत रेकॉर्डिंग सुरू करू नका. मग 20 मिलिसेकंदांच्या 20-30 हजार फ्रेम. 405 चा लेसर (अंधारातले रेणू पुन्हा उजळवणारा) शून्यावरून सुरू करा, ठिपके विरळ होतील तसं किंचित वाढवा. घाईत वाढवलंत तर दोन रेणू एकाच ठिपक्यात मिसळतात आणि सॉफ्टवेअर त्यांच्या मधोमध तिसराच बिंदू ठोकून देतं. 647 आटोपल्यावर 561.
कोपऱ्यातली सरक ही रंगदोषाची (भिंग प्रत्येक रंग थोडा वेगळा वळवतं), नमुन्याची नाही. 100 नॅनोमीटरचे बहुरंगी मणी वेगळ्या कव्हरस्लिपवर पसरा, दोन्ही चॅनलमध्ये टिपा आणि त्यावरून रूपांतर काढा. नुसतं आडवं-उभं सरकवून भागत नाही, कोपऱ्यांत सरक वेगळी असते. मणी त्याच दिवशी, त्याच सेटिंगला.

स्लाइड_सोलापूरची
तिथे दोन भागांत प्रतिमा पाडणारा स्प्लिटर आहे म्हणे. त्याचा उपयोग?

तांबडा_लेसर
असेल तर मी 568 सोडूनच देईन. अलेक्सा 647 आणि सीएफ680, दोन्ही एकाच 640 वर, एकाच बफरमध्ये. प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश दोन भागांत कसा वाटला जातो त्यावरून डाय ओळखायचा. मधल्या गुणोत्तराचे संशयास्पद ठिपके सरळ टाकून द्यायचे. रंगदोष जवळपास नाहीसा होतो. मात्र एकेकाच डायने रंगवलेल्या दोन कव्हरस्लिप सोबत न्याच, नाहीतर गुणोत्तराची रेघ कुठे मारायची ते कळणार नाही.

फोटॉनमोज्या
आणि पेशी स्थिर करायला ग्लुटराल्डिहाइड वापरत असाल तर त्याची नको असलेली चमक मारायला 0.1 टक्का सोडियम बोरोहायड्राइड, 7 मिनिटं, वापरायच्या क्षणी विरघळवलेलं. पाण्यात बारीक बुडबुडे उठले पाहिजेत. नाही उठले तर पावडर ओल धरून मेलेली आहे, नवी बाटली उघडा.