तातडीच्या गोळीनंतर आलेला रक्तस्राव हीच पाळी समजावी का?

नाशिककर_आई:
माझे वय 31 आहे आणि मला चार वर्षांची मुलगी आहे. गेल्या महिन्यात 2 तारखेला माझी पाळी सुरू झाली. 12 तारखेच्या रात्री निरोध फाटल्याचे आमच्या उशिरा लक्षात आले, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे साधारण चौदा तासांनी, यजमानांनी मेडिकलमधून आणलेली 72 तासांच्या आत घ्यायची गोळी मी घेतली. त्या संध्याकाळी मळमळले, डोके जड झाले, परंतु उलटी झाली नाही. 18 तारखेपासून तीन दिवस थोडे थोडे रक्त गेले आणि पाळी येऊन गेली असे समजून मी निर्धास्त झाले. 24 तारखेला केलेल्या गर्भचाचणीत एकच रेघ आली. माझे चक्र 28 दिवसांचे आहे, त्यामुळे 30 तारखेला पाळी यायला हवी होती. आज 4 तारीख उजाडली तरी ती आलेली नाही. जाऊबाई म्हणतात की ही गर्भपाताचीच गोळी असते आणि तिने गर्भाशय कमजोर होते. मी कोणता दिवस धरून मोजावे?

औषधनिर्माती_सातारा:
आधी जाऊबाईंचा गैरसमज दूर करते, कारण दुकानात तो मला रोज ऐकावा लागतो. आपण घेतलेल्या गोळीत बहुधा लिव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम असते. स्त्रीबीज बाहेर पडण्याची वेळ पुढे ढकलणे एवढेच तिचे काम आहे. बीज आधीच बाहेर पडले असेल तर तिचा उपयोग होत नाही आणि दिवस राहिलेच असतील तर ती गर्भ पाडतही नाही. गर्भपातासाठी मिफेप्रिस्टोन आणि मिझोप्रोस्टोल ही निराळी औषधे असतात व ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तातडीच्या गोळीने गर्भाशय कमजोर होत नाही किंवा पुढे मूल होण्यात अडथळाही येत नाही.

गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली असती तर मात्र ती पुन्हा घ्यावी लागली असती. शिवाय क्षयरोगाचे रिफाम्पिसिन किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर या गोळीचा परिणाम घटतो. गिऱ्हाईक ते आपणहून सांगत नाही आणि गर्दीत विचारायचे राहून जाते, हा आमच्या धंद्यातला दोषच म्हणायला हवा. आपले असे काही औषध चालू आहे का?

स्त्रीरोग_डॉक्टर:
18 तारखेचा रक्तस्राव ही पाळी नव्हती, असे मी समजेन. संप्रेरकाचा मोठा डोस एकदम शरीरात गेला की पुढच्या काही दिवसांत असे डाग लागू शकतात. त्यावरून गोळी लागू पडली असेही ठरत नाही आणि वाया गेली असेही नाही, त्यामुळे दिवस त्या रक्तस्रावापासून मोजू नका. आपण चक्राच्या अकराव्या दिवशीच्या संबंधांनंतर गोळी घेतली, तेव्हा स्त्रीबीज बाहेर पडणे लांबले असेल तर पाळीही त्या प्रमाणात लांबेल. ती आठवडाभर अलीकडे-पलीकडे होणे नेहमीचे आहे.

24 तारखेची चाचणी फार लवकर झाली, कारण तेव्हा संबंधांना बाराच दिवस झाले होते. तीन आठवडे उलटल्यावरच्या चाचणीवर भरवसा ठेवता येतो, आणि ते आता पूर्ण झाले आहेत. परंतु एक प्रश्न मोकळेपणाने विचारतो: गोळी घेतल्यानंतर पुन्हा निरोधाविना संबंध आले का? गोळीने बीज लांबवलेले असते, रद्द केलेले नसते; त्यामुळे त्यानंतरच्या दिवसांत दिवस राहण्याची शक्यता उलट तशीच उभी असते.

नाशिककर_आई:
दुसरे कोणतेही औषध चालू नाही. डॉक्टर, आपल्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने होय असे आहे. पाळी होऊन गेली या समजुतीने 22 तारखेला आम्ही काळजी घेतली नाही. आज, 5 तारखेला, सकाळच्या पहिल्या लघवीवर केलेल्या चाचणीतही एकच रेघ आहे.

स्त्रीरोग_डॉक्टर:
मग 12 तारखेपुरती चिंता मिटली, 22 तारखेची उरली. त्या दिवसापासून तीन आठवडे या महिन्याच्या 12 तारखेला भरतात. तोवर पाळी आली नाही तर त्या सकाळी पुन्हा चाचणी करावी. दरम्यान ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळा आल्या, चक्कर आली किंवा फार रक्त जाऊ लागले तर 12 तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण नळीतली गर्भधारणा अशीच समोर येते. तोपर्यंत निरोध वापरावा.

दोन_मुलांची_आई:
मी वर्षभरात ही गोळी चार वेळा घेतली. अपाय काही झाला नाही, पण पाळीचे वेळापत्रक इतके विस्कटले की प्रत्येक महिना धाकधुकीत जाई. शेवटी सरकारी रुग्णालयात तांबी बसवून घेतली. ती मोफत मिळते आणि पाच वर्षांची व दहा वर्षांची अशी निवड करता येते. पहिले दोन-तीन महिने पाळीत रक्त अधिक गेले, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

स्त्रीरोग_डॉक्टर:
यात एवढीच भर घालतो की असुरक्षित संबंधांनंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी हाच तातडीचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे आणि पुढची सोयही तिनेच होते. आपल्या बाबतीत ते पाच दिवस टळले आहेत, म्हणून 12 तारखेच्या चाचणीनंतरच तिचा विचार करावा.

नाशिककर_आई:
12 तारखेची खूण दिनदर्शिकेवर केली आहे. चाचणीचे काय झाले ते इथेच लिहीन.