शब्दचर्चा: ‘वांशिक अल्पसंख्याक’ म्हणजे नेमके कोण?

विटा, भाषांतर करणारी

आशा स्वयंसेविका आणि आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणासाठी एका पुस्तिकेचं मराठी करते आहे. मूळ मजकूर ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतल्या अनुभवावर बेतलेला आहे, पण वापर सातारा-सांगलीत व्हायचा आहे. ‘एथनिक मायनॉरिटी’साठी ‘वांशिक अल्पसंख्याक’ हा शब्द ठरल्यासारखा वापरतात. तो मला खटकतो. दुसरं, अल्पसंख्याक की अल्पसंख्यक? तिसरं, ‘रिप्रेझेंटेशन’ला नुसतं ‘प्रतिनिधित्व’ म्हटलं तर वाचणारीला काय कळेल?

कराड, संस्कृतचे शिक्षक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते लहान आहे. ज्यांची संख्या अल्प आहे ते, असा हा बहुव्रीही समास. त्याच्या शेवटी ‘क’ लावणं ऐच्छिक आहे (शेषाद्विभाषा, पाणिनी 5.4.154) आणि तो लावला तर आधीचा ‘आ’ ऱ्हस्व करणंही ऐच्छिक (आपोऽन्यतरस्याम्, 7.4.15). म्हणून अल्पसंख्य, अल्पसंख्याक, अल्पसंख्यक ही तिन्ही रूपं शुद्ध आहेत. मराठीत अल्पसंख्याक रुळलं, हिंदीत अल्पसंख्यक. पुस्तिकेत ‘अल्पसंख्याक’च ठेवा.

रूप शुद्ध असलं तरी अर्थाची अडचण राहतेच. आपल्याकडे हा शब्द कायद्याने बांधलेला आहे. 1992च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली अधिसूचित झालेले मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि 2014पासून जैन. सांगलीत हा शब्द ऐकणारीच्या डोळ्यांपुढे हेच समाज येणार. कोयनेच्या डोंगरातला गवळी धनगर किंवा उसाच्या फडावर आलेली बंजारा बाई येणार नाही. मूळ मजकुराला मात्र तशीच माणसं अभिप्रेत आहेत.

मिरज, परिचर्या शिकवणारी

‘वांशिक’ तर आरोग्याच्या पुस्तिकेत अजिबात नको. वंश म्हटलं की मराठी माणसाला घराणं आठवतं: वंशवेल, वंशाचा दिवा. ‘वांशिक गटांतील आजार’ असं छापलंत तर दहापैकी नऊ जणी ‘आनुवंशिक आजार’ असं वाचतील. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या बाबतीत हा गोंधळ घातक आहे. सिकलसेल आनुवंशिक आहे, म्हणजे आई आणि बाप दोघंही वाहक (दोष अंगात, पण आजार नाही असे) असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के आणि बाळ वाहक असण्याची 50 टक्के. काही समाजांत तो जास्त आढळतो, ही वेगळी गोष्ट. एकाच शब्दात दोन्ही कोंबलं की ‘आमच्या वंशातच खोट आहे’ असा अर्थ घरी पोचतो आणि त्याचा दोष सुनेच्या माथी बसतो.

ब्रिटनमध्ये ‘एथनिक’चा अर्थ माणूस स्वतःला कोणत्या समूहातला म्हणवतो हा आहे. तिथल्या जनगणनेत हा प्रश्न 1991पासून थेट विचारतात. आरोग्य सेवेला त्याचा उपयोग कसा होतो याचं एक उदाहरण पुस्तिकेत जरूर घ्या. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर त्वचेतून आरपार जाणारा प्रकाश मोजतं. गडद त्वचेवर ते रक्तातला ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. आकडा 94 असला आणि बाईला बोलताना धाप लागत असली तर धापेवर विश्वास ठेवायचा आणि पुढे पाठवायचं. हे आपल्या उन्हात राबणाऱ्या माणसांनाही लागू आहे.

वाळवा, साखरपट्ट्यात काम

एकच मोठा शब्द शोधू नका, अशी माझी विनंती आहे. नोंदवहीत जो शब्द लिहिला जातो त्यावर कोण मोजलं जाणार हे ठरतं. उदाहरण ‘कोयता’चं घ्या. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, तीही कोयत्यावर मिळते. मजूर आणणारा मुकादम सांगतो, ‘अड्ड्यावर (टोळीच्या मुक्कामावर) 40 कोयते आहेत.’ नवीन आरोग्यसेविका 40 माणसं लिहून मोकळी होते. खरी माणसं 80, आणि प्रत्येक कोपीत, म्हणजे जोडीच्या झोपडीत, दोन मुलं धरली तरी 160. लस, लोहाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं सगळी 40च्या हिशेबाने आली तर अड्ड्यावर पुरणार कशी? शिवाय मुकादमाच्या यादीत उचल घेतलेलेच असतात. दिवस भरत आले म्हणून तोडीला न जाणारी पोरगी, सोबत आणलेली म्हातारी, धाकटी नणंद त्यात नसतात. म्हणून कोयते विचारा, पण मोजा कोप्या आणि प्रत्येक कोपीतली डोकी. आणि हे संध्याकाळी करा, कारण पहाटे टोळी फडावर गेलेली असते.

दुसरा शब्द ‘गाव’. ‘गाव कुठलं?’ विचारलं की बीड जिल्ह्यातल्या गावाचं नाव येतं आणि बाई ‘बाहेरची’ म्हणून रकान्याबाहेर जाते. ‘मुक्काम कुठं?’ असं विचारलं की ती आपल्या उपकेंद्राची होते. पत्त्यात आपण ‘मु. पो.’ लिहितो त्यातला हा मुक्काम. दोन्ही प्रश्न विचारायचे, दोन्ही उत्तरं लिहायची.

हिशेब करून बघा. शेवटची पाळी 10 जूनला आली असेल तर नऊ महिने सात दिवस मिळवून प्रसूतीची तारीख येते 17 मार्च. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन साधारण मार्चपर्यंत चालतो. म्हणजे तिची शेवटची चार-पाच महिन्यांची तपासणी पूर्ण आपल्याकडे, आणि बाळंतपण कोपीत नाहीतर परतीच्या वाटेवर. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिलं असेल तर घरच्यांकडून मोबाईलवर फोटो मागवा. मुलाचे आधीचे डोस कळले की राहिलेलेच द्यायचे, पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. ‘कार्ड नाही, गावी गेल्यावर बघा’ असं सांगून परत पाठवलं की ते मूल दोन्ही जिल्ह्यांच्या यादीतून निसटतं.

जत, सीमाभागातली आरोग्यसेविका

आमच्या पूर्वेकडच्या गावांत कन्नड घरची भाषा आहे. त्यांना ‘भाषिक अल्पसंख्याक’ म्हणता येतं आणि तो शब्द इथे अगदी बरोबर बसतो. पण खरी गाठ पडते ती रोजच्या शब्दांशी.

कन्नडमध्ये ‘सुस्तु’ म्हणजे गळून गेल्यासारखा थकवा. बाई म्हणते ‘सुस्तु आगैति’. मराठी कान ऐकतो ‘सुस्ती’, म्हणजे आळस. तिथेच रक्तक्षय हातचा सुटतो. ‘सुस्तु’ ऐकलं की हिमोग्लोबिन बघा. गरोदरपणी 11च्या खाली म्हणजे रक्त कमी, 7च्या खाली असेल तर गोळ्यांवर भागवायचं नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवायचं.

पाळीला ‘मुट्टु’ म्हणतात. मुट्टु म्हणजे शिवणं, स्पर्श. आपल्याकडच्या ‘कावळा शिवला’सारखंच. ‘पाळी कधी आली?’ हा प्रश्न बाईला कळत नाही असं नाही, पण दुभाष्या म्हणून तिचा दहा वर्षांचा मुलगा किंवा दीर उभा केला तर ती तारीख सांगणार नाही, काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. मग प्रसूतीची तारीख चुकते आणि पुढचं सगळं चुकतं. दुभाषी बाईच हवी, आणि शक्यतो शेजारची नको, कारण गावभर होण्याची भीती असते.

गोळ्यांसाठी तीन कन्नड शब्दसमूह पाठ करा: ‘दिनक्के ओंदु’ म्हणजे दिवसाला एक, ‘ऊट आद मेले’ म्हणजे जेवणानंतर, ‘चहा बेड’ म्हणजे चहा नको. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही, आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर हवं. शौच काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून गोळ्या बंद होतात. शेवटी तिलाच विचारा, ‘घरी गेल्यावर कशी घेणार?’ ‘समजलं का?’ विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं.

पाटण

‘दुर्गम’ शब्दावर लाल खूण करा. धनगरवाड्यावरच्या माणसाला वाडा दुर्गम नसतो, उपकेंद्र दुर्गम असतं. आणि वाडा नोंदवहीत स्वतंत्र वस्ती म्हणून लिहा, खालच्या गावात मिसळू नका. आशा साधारण हजार लोकसंख्येमागे एक असते, पण डोंगरी भागात वस्तीमागे एक देता येते. उपकेंद्राचं प्रमाणही सपाटीला 5000 लोकांमागे एक तर डोंगरी भागात 3000 लोकांमागे एक आहे. वाडा गावात विरघळला की ही सवलत मागायला आधारच उरत नाही.

कराड, संस्कृतचे शिक्षक

त्याच रांगेत ‘भटके’. ‘भटक्या जमाती’ हा शासकीय प्रवर्ग आहे, माणसाची आजची स्थिती नव्हे. तीस वर्षं एका जागी घर असलेल्या कुटुंबालाही तो लागू असतो. तो ‘स्थलांतरित’च्या रकान्यात टाकू नये. ‘विमुक्त’चंही तसंच. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून 31 ऑगस्ट 1952ला मुक्त झालेले ते विमुक्त. शब्द त्यांच्या सन्मानाचा आहे, तो शिवीच्या सुरात उच्चारू नये एवढं प्रशिक्षणात स्पष्ट सांगा.

औंध

‘प्रतिनिधित्व’बद्दल. प्रतिनिधी म्हणजे मुळात दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा. राजाराम महाराजांनी जिंजीला प्रतिनिधिपद निर्माण केलं तेव्हा तो राजाच्या जागी काम पाहणारा होता. त्याच पदाच्या घराण्याने औंध संस्थानात 1939 साली राज्यकारभार प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपवणारी घटना आणली. म्हणजे शब्दाची दोन्ही टोकं आमच्या गावाने पाहिली आहेत. आरोग्य समितीत आज यातलं कुठलं टोक आहे ते तपासा. मुकादमाला ‘कामगारांचा प्रतिनिधी’ म्हणून बसवलं तर तो उचल देणाऱ्यांच्या बाजूचा माणूस असतो. तोडणारी बाई हवी, आणि बैठक दुपारी दोनला ठेवून ती येणार नाही.

विटा, भाषांतर करणारी

मग असा मजकूर करते: ‘आपल्या कार्यक्षेत्रातील, भाषा, रीत किंवा मुक्कामामुळे सेवेपासून दूर राहणारे समाज’. पुढे प्रत्येकाचं नाव, जसं ते स्वतः सांगतात तसं. ‘वांशिक’ काढलं. ‘प्रतिनिधित्व’ ठेवते, खाली ‘त्या समाजातली, त्यांनी निवडलेली, बोलू शकणारी व्यक्ती’ अशी ओळ घालते.

जत, सीमाभागातली आरोग्यसेविका

‘बोलू शकणारी’ नको. त्या सगळ्या बोलतात. ‘जिचं बोलणं इतिवृत्तात लिहिलं जातं’ असं लिहा.