आजोबांच्या वहीतली ‘पट्टी’: कुठे कोणता अर्थ घ्यायचा?

जुन्नरचा नातू:
आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या टाईप करतोय. ते कांदा-बटाटा करायचे आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पानोपानी ‘पट्टी’ येते. ‘पट्टी आली, कांदा ४० पिशवी.’ ‘पट्टी दिली ५१.’ ‘पट्टी भरली, पावती घेतली.’ ‘नवा पखवाज, पट्टी काळी चार.’ आमच्या घरातल्या पुढच्या पिढीला पट्टी म्हणजे कंपासमधली एवढंच माहीत. त्यांच्यासाठी शेवटी शब्दसूची जोडायची आहे आणि ती चोख व्हायला हवी. जाणकारांनी मदत करा.

गाळ्यावरचा:
‘पट्टी आली’ ही आमची, मार्केटची. पूर्वी शेतकरी मालाबरोबर येईलच असं नसे. माल टेम्पोत चढवायचा, आडत्या, म्हणजे मार्केटमधला दलाल, तो विकायचा आणि हिशोबपट्टी ड्रायव्हरच्या हाती गावी जायची. वर नाव, पिशव्या, वजन, भाव. खाली हमाली, तोलाई, मोटारभाडं, आडत (दलाली) वजा, आणि तळाला हातात पडणारी रक्कम. घरातली माणसं आधी तळच बघत. फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची हा निर्णय २०१६ चा, त्यामुळे जुन्या पट्ट्यांत ती कापलेली दिसेल.

एक सांगा, सगळ्या पट्ट्या जमेच्याच बाजूला आहेत का?

निवृत्त ग्रामसेवक:
आजोबांचं क्रियापद बघा, त्यांनी गोंधळ ठेवलेलाच नाही. ‘भरली’ आणि पावती, म्हणजे ग्रामपंचायतीची घरपट्टी नाहीतर पाणीपट्टी. नोंद बहुधा मार्चअखेरची असेल, कारण वसुलीचा जोर तेव्हाच असतो. पावतीवर ‘नमुना १०’ छापलेलं असेल तर शंकाच नको. ‘दिली’ म्हणजे यात्रेची. गावकी बसून घरटी आकडा ठरवते, पोरं वही घेऊन दारोदार फिरतात. सरकारची पट्टी भरायची, देवाची द्यायची. वसुलीसाठी हा शब्द फार जुना आहे. पेशवाईत मिरासदारांकडून, म्हणजे वंशपरंपरेने जमीन कसणाऱ्यांकडून, मिरासपट्टी घेत, राज्यावर कर्ज झालं की कर्जपट्टी बसे.

मृदंगप्रेमी:
पखवाजाची नोंद वाचून बरं वाटलं. इथे पट्टी म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते. पेटीच्या एका सप्तकात पांढऱ्या सात, काळ्या पाच. त्यातली चौथी काळी सा धरायची, ती ‘काळी चार’. वारकरी भजन उंच पट्टीत चालतं, बुवांचा आवाज टाळांच्या वर निघावा लागतो. पखवाज घेतानाच पट्टी सांगावी लागते, कारण तोंड केवढं ठेवायचं ते तिच्यावर ठरतं. उंच पट्टीला तोंड लहान. नंतर वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून शाईची, म्हणजे उजवी बाजू थोडी वरखाली होते, पण फार ओढली तर पुडी (तोंडावरचं कातडं) फाटते. डाव्या तोंडाला कणीक लावतात, ती जास्त झाली की धुमा, म्हणजे हे डावं तोंड, बसतो आणि कमी पडली की खणखणतो. पट्टी लिहून ठेवणारा माणूस पट्टीचाच वादक असणार. हाही अर्थ सूचीत घ्या!

जुन्नरचा नातू:
सगळ्यांचे मनापासून आभार. क्रियापदावरून जवळजवळ सगळ्या नोंदी लागल्या. आता गाळ्यावरच्यांच्या प्रश्नाकडे येतो. एक पट्टी नावे बाजूला आहे: ‘पट्टी, बटाटा ९ पिशवी, रु. २३.’ पुढे ना दिली, ना भरली. विकलेल्या मालाची रक्कम खर्चात कशी?

गाळ्यावरचा:
ही उलटी पट्टी. भाव एवढा पडला की हमाली-भाडंसुद्धा सुटलं नाही. माल गेला, वर २३ रुपये आजोबांच्याच अंगावर आले. आजही होतं हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याला २ रुपयांचा चेक मिळाला होता, ती पट्टी सगळ्या महाराष्ट्राने बघितली.

असे पैसे सहसा रोख मागत नाहीत, पुढच्या मालातून वळते करतात. त्याच आडत्याची पुढची पट्टी काढा, त्यात ‘मागील बाकी वजा’ असेल. आणि सूचीत ‘उलटी पट्टी’ हा शब्द वेगळा घाला, ‘पट्टी’च्या पोटात नको.

जुन्नरचा नातू:
सापडली. पुढच्याच पानावर, कांद्याच्या पट्टीत २३ वजा आहेत. वेगळा शब्द म्हणूनच घालतो, आणि या दोन्ही पानांचे फोटोही जोडतो.