भाचीसाठी नावाची उशी शिवायची आहे, म्हशीसकट!

शिवणवेडी_आत्या:
नमस्कार मंडळी, भाचीचा पाचवा वाढदिवस आहे पुढच्या रविवारी. दुकानातली खेळणी आठ दिवसांत मोडून पडतात म्हणून यंदा 16 इंची चौकोनी उशी स्वतःच शिवायची ठरवलीय, वर नाव 'तन्वी'. बाकीच्या पोरींना युनिकॉर्न लागतं, आमच्या बाईसाहेबांना म्हैस! पाडव्याला सजवलेल्या म्हशी बघितल्यापासून हे खूळ आहे. आजोबांबरोबर कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर (तिथं म्हशी उभ्या करून समोरच धार काढून देतात) गेली की दूध राहतं बाजूला, ही शिंगंच बघत बसते.

माझ्याकडे सासूबाईंची जुनी पायमशीन आहे, सरळ टीप येते, झिगझॅग नाही. नाव कापडातून कापून लावू का दोऱ्यानं भरू? आत काय घालू? आणि चेन सोडून दुसरं काही सांगा, मागच्या अभ्र्याची चेन अशी वाकडी बसली की आमच्या ह्यांनी तिला गगनबावड्याचा घाट नाव ठेवलं.

पायमशीनवाली:
कापूनच लाव गं. आपल्या अक्षरांना शिरोरेषा असते ना, तिचा फायदा घे, अख्खं नाव एका तुकड्यात कापता येतं, एकेक अक्षर ओळीत बसवायची कटकट नाही. फक्त अक्षरं बोटाएवढी जाड काढ, वेलांटी बारीक ठेवलीस की तिथंच दोरे सुटणार. इस्त्रीनं दोन्हीकडनं चिकटणारं पेस्टिंग वापरणार असशील तर त्याच्या कागदावर नाव उलटं गिरव, आरशात दिसतं तसं. मी एकदा सरळ गिरवलं, कापून पालथं केलं तर काय वाचायचं तेच कळेना, कापड गेलं फुकट. झिगझॅग नाही तर कडेनं हातानं काज टाका (बटणाच्या काजाला घालतो तसा) घाल, भरतकामाच्या दोऱ्याचे 6 पदर असतात त्यातले 2 घे. आणि हे सगळं उशी जोडायच्या आधी, नंतर आत हात घालून बसशील.

टाचणी:
चेन नकोच, मागं पाकिटासारखं उघडं ठेव. पुढचा तुकडा 17 बाय 17, मागचे दोन 17 बाय 12. मागच्या दोघांची एकेक 17 ची बाजू 1 इंच दुमडून टीप मार, मग एकावर एक 5 इंच चढतात, उशी बाहेर डोकावत नाही. पुढच्यावर सुलट बाजू आत करून ठेव, चारी बाजूंनी अर्धा इंच सोडून टीप मार, कोपरे छाटून उलटव, झालं. 44 इंच पन्ह्याचं सुती पॉपलीन अर्धा मीटर पुरतं, त्यासाठी गांधीनगरच्या कापडबाजारात जायची गरज नाही. कापायच्या आधी धू मात्र, सुती आटतं. म्हशीचं काळं कापड ओलं करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघ, रंग सोडत असेल तर दुसरं घे.

रंकाळा_संध्याकाळ:
कापूस भरू नका, धुतला की गोळे होतात आणि वाळता वाळत नाही. रेक्रॉनची (पॉलिस्टरच्या तंतूंची) आतली उशी 17 इंची घ्या, खोळ 16 ची, म्हणजे कोपरे टच्च भरतात. घरात 3 वर्षांखालचं दुसरं पोर असेल तर डोळ्याला बटण आणि गळ्यात घुंगरू अजिबात नको, सगळं तोंडात जातं. डोळा दोऱ्यानं भरा.

कट्टेकरी:
मला शिवणातलं काय कळत नाही पण म्हैस कुठली ते ठरवलंय का? मुऱ्हा असेल तर शिंगं वेटोळी, पंढरपुरी असेल तर लांबच्या लांब मागं खांद्यापर्यंत. कट्ट्यावर जाणारी पोरगी हाय, चुकलं तर सगळ्यांसमोर सांगंल.

शिवणवेडी_आत्या:
@कट्टेकरी अहो मी गाईसारखी छोटी शिंगं काढून बसले होते! सहज विचारतेय असं दाखवून फोन केला, पंढरपुरी पाहिजे म्हणे, "आत्या, लांब शिंगांची, दुसरी नको." आता कागदावर काढून बघितलं तर शिंगं नावाच्या शिरोरेषेवर चढायलीत. पायमशीनवाली, नाव खाली घेऊ का म्हशीची मान वळवू?

पायमशीनवाली:
नाव खाली घे. मान वळवलीस तर एकच शिंग दिसंल, मग बस उत्तरं देत.