पट १९, शिक्षक दोन, रेंज शून्य: दीड लाखात शाळेसाठी काय घ्यावं?

खाडीकाठची बाई

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात, विजयदुर्गच्या खाडीच्या अलीकडच्या काठावर आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, पट १९, आम्ही दोघं शिक्षक. मुंबईतल्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने शाळा 'डिजिटल' करायला दीड लाख रुपये जमवलेत. त्यांच्या डोळ्यांसमोर ७५ इंची पॅनेल आहे, बोटाने लिहिता येतं ते. कोटेशन १ लाख ३८ हजारांचं आलंय. गणपतीत सगळे गावी येणार, तेव्हाच उद्घाटन उरकायचं म्हणतात.

नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला जीव धजत नाही. कारण सांगते. काही वर्षांपूर्वी असाच एका दात्याकडून प्रोजेक्टर आला होता. पहिल्या पावसात भिंगाला आतून बुरशी धरली, दुसऱ्या पावसात आतला दिवा गेला. नव्या दिव्याची किंमत ऐकल्यावर सगळे गप्प. त्याच्या खोक्यात आता आम्ही खडू ठेवतो.

जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नाही. रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जायचं. पुस्तकातल्या क्यूआर कोडचं तिकडे परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी सोनं केलं, २०२० मध्ये शिक्षकांसाठीचं जागतिक बक्षीस, 'ग्लोबल टीचर प्राइज', आणलं. इकडे माझी मुलं कोडवर मोबाइल धरतात आणि गोल फिरणारी चकती बघत बसतात.

तुमच्यापैकी कोणी अशा शाळेत खरोखर वापरलेलं काही असेल तर सांगा. जाहिरातीतलं नको.

दापोलीकर गुरुजी

बाई, आधी एक सांगा. तुमचे सर प्रशिक्षणाला किंवा मीटिंगला गेले की पाचही वर्ग तुमच्या एकटीच्या गळ्यात पडतात ना? मग खरेदी त्या दिवसासाठी करा. पॅनेल काय, फळा काय, दोन्हींसमोर शिक्षक उभा लागतो. एका वेळी एकाच वर्गाला शिकवणारं यंत्र पाच वर्गांच्या खोलीत आणून तुमचं ओझं कणभरही हलकं होणार नाही.

आमच्याकडे चार टॅब आहेत. तिसरीची पोरं वीस मिनिटं टॅबवर वाचतात, चौथीची उदाहरणं सोडवतात, आणि तेवढ्यात मी हातच्याच्या वजाबाकीत अडकलेल्या दोघांना घेऊन ओट्यावर बसतो. टॅबवर पोर काय शिकतं त्यापेक्षा ती वीस मिनिटं मला सापडतात, हा मोठा फायदा. इतकी वर्षं तेवढाच वेळ मिळत नव्हता.

वाचनाला गुगलचं 'रीड अलॉंग' वापरतो. पोर मोठ्याने वाचतं, अॅप ऐकतं, अडलं तर शब्द म्हणून दाखवतं. मराठी आहे, आणि गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. 'पाणी'ला 'पानी' वाचलं तर कधी चालवून घेतं, कधी अडून बसतं. मग पोरं त्याच्याशी भांडतात, तेही वाचनच.

दुसरं 'कोलिब्री' नावाचं सॉफ्टवेअर. जुन्या लॅपटॉपवर बसवायचं. नेट असेल तिथे एकदा व्हिडिओ आणि सराव भरून घ्यायचे, मग शाळेत लॅपटॉप आणि टॅब एका साध्या राउटरला जोडायचे. राउटरला बाहेरचं नेट लागत नाही. कोणी कुठपर्यंत सोडवलं तेही दिसतं. मराठी सामग्री हिंदी-इंग्रजीच्या मानाने थोडी आहे, हे आधीच सांगतो. पुस्तकातले क्यूआर कोड ज्या सरकारी 'दीक्षा'वर उघडतात, तिथले धडेही ॲपमध्ये उतरवून ठेवता येतात, तेव्हा क्यूआर कोडचं काम सड्यावर बसून रविवारीच उरकायचं.

आणि जे घ्याल ते उचलून घरी नेता आलं पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या शाळेची कौलं उडाली. भिंतीवरचा टीव्ही गेला, पत्र्याच्या ट्रंकेतले टॅब वाचले. पुढे २० जुलैला दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सुरू झाली, पण वाडीत निम्म्या घरांतले टीव्ही भिजलेले. आमच्या पोरांनी ती मालिका शेजारच्यांच्या पडवीत बसून पाहिली.

परळचा चाकरमानी

गुरुजी, मान ठेवून बोलतो. मीही अशाच एका गावच्या मंडळात आहे, म्हणून झोंबलं. आमची मुलं मुंबईत पॅनेलवर शिकतात. गावच्या मुलांनी का नाही? दरवेळी 'कोकणात चालणार नाही' म्हणायचं आणि पोरांना खडू-फळ्यावर ठेवायचं, हे कुठवर? शिवाय वर्गणी मागताना लोकांना काहीतरी दाखवावं लागतं. अर्थिंगसारख्या न दिसणाऱ्या कामासाठी शंभर रुपये द्या म्हटलं तर कोण देईल?

जांभा चिरा

बाई, मी खाडयेपलीकडचो, देवगड तालुक्यातलो. वायरिंगची कामा करतंय. पॅनेल घेवा नायतर टीव्ही घेवा, आधी शाळेचा अर्थिंग बघा. आपल्याकडे खाली सगळो जांभो. पावसात ओल असता तवसर ठीक, मार्च-एप्रिलात जमीन सुकली काय अर्थिंग नावापुरता रवता. दोन शाळांत खड्डो उघडून बघलंय, कोळसो नाय, मीठ नाय, नुसती वायर पुरलेली.

आणि वीज चमाकली काय नुसतो बटण बंद करून भागाचा नाय, पिनच भायेर काढूक व्हयी. मिरगात नि दसऱ्याच्या सुमाराक ह्या काम पोरांकडेच देवा. तीच बरोबर आठवण ठेवतत.

चाकरमान्यांनू, अर्थिंगाक पैसे कोण देयत म्हणतास? तुमचा पॅनेल जळला काय मग सगळे देतले.

भूगोलवाली

मी हायस्कूलला शिकवते, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा. चाकरमानी दादांचं एक पटतं, गावच्या मुलांना कमी प्रतीचं का द्यावं. पण वस्तू भारी म्हणून शिक्षण भारी होत नाही. पेरू देशाने दहा लाखांवर लॅपटॉप वाटले होते. शिकवण्याशी त्यांची सांगड घातली नाही, त्यामुळे मुलांच्या शिकण्यात काही सुधारणा झाली नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात हे उदाहरण आहे, आणि यंत्रांच्या उपयोगाचा निःपक्षपाती पुरावा फार थोडा आहे असंही त्यात स्पष्ट लिहिलंय.

टॅब घरी मात्र देऊ नका. 'असर' या शिक्षणाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांना मागच्या आठवड्याबद्दल विचारलं, तर स्मार्टफोनवर अभ्यासाचं काही केलं म्हणणारी सुमारे ५७ टक्के निघाली आणि सोशल मीडिया वापरणारी ७६ टक्के. तुमची मुलं लहान आहेत, पण घरात दादा-ताई असतातच.

चौथी-पाचवीसाठी 'फेट' बघा, कोलोरॅडो विद्यापीठाचे गणित-विज्ञानाचे पडद्यावरचे खेळ. अपूर्णांक, तराजू, विजेचं सर्किट. बरेच खेळ मराठीत आहेत, एकेक फाइल उतरवून पेनड्राइव्हवर नेता येते आणि साध्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. अपूर्णांकांचा खेळ मी आठवीलासुद्धा लावते. का, ते विचारू नका.

आणि 'स्टेलेरियम', पडद्यावर आभाळ दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, नेट लागत नाही. दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ झालं की एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मुलांना सड्यावर न्या. आधी पडद्यावर मृग नक्षत्र दाखवायचं, मग वर बघायला सांगायचं. परळच्या मुलांना एवढा अंधार कुठून मिळणार!

निवृत्त मास्तर

एक जुनी गोष्ट. सुगत मित्रा या संशोधकांनी १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला झोपडपट्टीलगतच्या भिंतीत संगणक बसवला आणि पोरं आपली आपण तो चालवायला शिकली. पुढे तसे संगणक आपल्या सिंधुदुर्गातही बसले. तेव्हा आम्हा मास्तर लोकांत चर्चा अशी की आता आपली गरज संपली.

संपली नाही. त्याच सुगत मित्रा यांनी पुढे काय केलं बघा. इंग्लंडमधल्या आज्ज्यांना स्काइपवर बसवलं, पोरांचं कौतुक करायला, 'अगो बाई, हे कसं केलंस?' असं विचारायला. म्हणजे भिंतीतल्या संगणकालाही शेवटी आजी लागलीच.

बाई, तुमच्या वाडीत आज्ज्या किती आहेत? प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि छापायलाही मोकळ्या आहेत. तीसेक गोष्टी रंगीत छापून, लॅमिनेट करून मुलांबरोबर घरी पाठवा. संध्याकाळी आजीला वाचून दाखवायची. आजीला वाचता येत नसेल तर अधिक चांगलं, मग पोराला अर्थ समजावून सांगावा लागतो. दीड लाखातले पाच-सहा हजार कागदावर जाऊ द्यात.

परळचा चाकरमानी

बरं, मी रागाने लिहिलं. रात्री बसून हिशोब केला, कारण नोकरी त्यातलीच आहे.

इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२ व्होल्टने १८०० वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे, ९०० धरा. मोठं पॅनेल साधारण ३०० वॅट खातं, म्हणजे जेमतेम तीन तास. ४३ इंची टीव्ही, लॅपटॉप आणि एक पंखा मिळून दीडशे-पावणेदोनशे वॅट. म्हणजे लाईट गेली तरी पाच तास, अख्खी शाळा. बाई, लाईटचं पहिल्या ओळीत लिहिलं असतंत तर मी भांडलोच नसतो. (पहिल्या नाही, तिसऱ्या परिच्छेदात होतं. वाचलं नव्हतं.)

दाखवायचं म्हणाल तर मंडळाला सांगा, टॅबच्या ट्रंकेवर मंडळाचं नाव रंगवा. ट्रंक आणि नाव ही तर आपली जुनी रीत.

खाडीकाठची बाई

सगळ्यांना उत्तर एकदम देते, सड्यावर उभी आहे आणि ढग भरून आलेत.

काल मंडळाच्या अध्यक्षांशी अर्धा तास बोलले. आधी ते नाराज झाले. मग मी त्यांना एवढंच विचारलं, की दादा, प्रोजेक्टर कुठे आहे माहीत आहे का? खडूंचं सांगितलं तेव्हा हसले. पॅनेल रद्द. टीव्हीवर मात्र मंडळाची पाटी लागणार, ती मी कबूल केली.

कच्चा हिशोब असा बसतो. टीव्ही २७ हजार, इन्व्हर्टर-बॅटरी २४, अर्थिंग आणि वायरिंग ९, वापरलेला लॅपटॉप राउटरसकट १५, चार टॅब ४४, ट्रंक आणि कव्हरं ४, छापील गोष्टी ६. एकूण १ लाख २९ हजार. उरलेले २१ हजार दुरुस्तीसाठी शाळेच्या खात्यात पडून राहतील. ह्यावर अध्यक्ष सगळ्यात जास्त अडले. पैसे खर्च न करता ठेवायचे म्हणजे काय, असं त्यांना वाटतंय.

आता दोन शंका. टॅबना दमट हवेपासून कसं जपायचं? आणि मे महिन्याच्या सुट्टीत काय करायचं?

दापोलीकर गुरुजी

ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारं जेल मिळतं, ओल पिऊन रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. लॅपटॉपच्या कपाटात जुना पिवळा बल्ब लावून ठेवायचा. आमचं भजनी मंडळ श्रावणात पखवाज ठेवतं त्याच कपाटात आमचा लॅपटॉप असतो.

सुट्टीत टॅब पूर्ण भरून ठेवू नका आणि रिकामेही ठेवू नका. निम्मी बॅटरी ठेवून बंद करायचे, आणि महिन्याने एकदा बघायचे.

पहिले पंधरा दिवस पोरं नुसते फोटो काढतील. एकमेकांचे, कोंबड्यांचे, तुमच्या चपलांचे. काढू द्यात. त्याशिवाय पुढे वाचायला बसत नाहीत.

निवृत्त मास्तर

दुरुस्तीच्या २१ हजारांवर हटू नका. आधी तेवढी शिल्लक असती, तर प्रोजेक्टरला नवा दिवा मिळाला असता.

जांभा चिरा

बाई, अर्थिंग बघूक रविवारी येतंय, सकाळच्या होडयेन. मजुरी नको, माझी बायल तुमच्याच शाळेतली. कोळसो मी हाडतंय, मीठ तुमी ठेवा. पोरांक थांबाक सांगा, खड्डो खणूक व्हये.

खाडीकाठची बाई

या दादा. मुलांना सांगितलंय. पाचवीच्या दोघांचं आत्ताच पहार कोणी आणायची ह्यावरून भांडण लागलंय.