प्रतिसाद: टोडसाठी टँक अर्धी पाण्यानं भरू का?

भावा नको, टोड म्हणजे जमिनीवर राहणारा खडबडीत कातडीचा बेडूक, मासा न्हाई, खोल पाण्यात दमून बुडतो पण. दोन फुटी टँक दोन टोडना बास, खाली तीन-चार इंच कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा टाक, नर्सरीत त्याची दाबलेली वीट मिळती, भिजवून मुठीत दाबलं की पाणी गळाय नको एवढंच ओलं. खडी अजिबात नको, किड्यावर झडप घालताना खडाबी गिळतात. कोपऱ्यात अर्धी फुटकी कुंडी पालथी घाल, माझा एक टोड दिवसभर त्यातच असतो, नुसतं नाक बाहेर. पाण्याला कुंडीखालची उथळ बशी, आणि नळाचं पाणी डायरेक्ट वतू नकोस, ते तोंडानं पीत न्हाईत, कातडीतनं शोषतात, त्यामुळं क्लोरीन बाधतं, मी बादलीत एक दिवस उघडं ठेवतो. वर जाळीचं झाकण, काच लावलीस तर एप्रिलात आपल्याकडं आत भट्टी हुती. खाणं हलतंय तेवढंच दिसतं त्यांना, मेलेला किडा समोर ठेवलास तरी बघणार न्हाईत. घरातली झुरळं देऊ नकोस, औषध खाल्लेली असतात. हाताळलास तर हात धू, डोळ्यामागच्या फुगीर गाठीत विष असतंय. आणि पावसात रंकाळा तळ्याकडनं पकडून आणायचा इचार असंल तर सोड, बिचाऱ्याला तिथंच राहू दे.